ब्रुनो लिपकेची ओढगाडी

ओढगाडीचा डावा पट्टा तुटला तो एर्लेनरोट गावच्या वरच्या गल्लीत, अगदी अडचणीच्या जागी. एका अंगाला ह्युमरांचं घर, दुसऱ्या अंगाला कबरस्तानाची दगडी भिंत, आणि मधे जेमतेम एक गवताची गाडी जाईल एवढी वाट. पुढे चाकं, मागे लोखंडी पट्टे असली ती अजस्र गाडी तिथे बाटलीत बूच बसावं तशी बसली. मागे जोडलेली तोफ खालच्या वळणावर तिरकी अडकून राहिली. पंचेचाळीसचा एप्रिल महिना होता, जर्मनीची लढाई संपत आली होती, आणि हे गावातल्या कोंबड्यांनाही कळलं होतं. फक्त तुकडीच्या लेफ्टनंटला कळलं नव्हतं. त्याला ती तोफ टेकडीवर चढवून खालच्या दरीतल्या अमेरिकनांवर डागायची होती.

गाडी चालवत होता ब्रुनो लिपके. तिकडे पार उत्तरेला, पोमेरेनियात, श्टोल्पजवळच्या एका जमीनदाराच्या गाडीवानाचा मुलगा. सैन्यात गेला तेव्हा तोफा घोडे ओढायचे, पुढे घोडे गेले आणि ही आठ टनी गाडी आली. ब्रुनोने घोड्यांवर केली तशीच चाकरी या गाडीची केली. पट्ट्याच्या प्रत्येक कडीत तेल लागायचं, ते तो स्वतः घालायचा. एकमेकांत अडकवून बसवलेल्या चाकांमधला चिखल संध्याकाळी काठीने टोकरून काढायचा, नाहीतर थंडीत तो गोठून दगड व्हायचा आणि सकाळी चाक फिरायचं नाही.

"मुद्दाम तोडलास," लेफ्टनंट म्हणाला. त्याचा हात पिस्तुलावर होता.

"नाही साहेब," ब्रुनो म्हणाला. "महिनाभर कड्यांना तेल मिळालेलं नाही. रबराच्या गाद्या झिजून गेल्यात. मी दोनदा सांगितलं होतं."

तुकडीतला जुना सार्जंट मधे पडला. "साहेब, याने एक वेळ आईला दुखवलं असतं, पण गाडीला नाही. सोडा." लेफ्टनंटने हात काढला. तोफेचा मागचा ठोकळा काढून ओढ्यात टाकायला लावला, म्हणजे ती निकामी झाली. ओढगाडी स्फोटकं लावून उडवायची आणि मागून येऊन मिळायचं, असा हुकूम ब्रुनोला देऊन तो बाकीच्यांना घेऊन रानात शिरला.

ह्युमरांची सून कुनी दारात उभी होती. तिशीतली बाई, बाह्या वर सारलेल्या, हाताला पीठ. तिने सगळं ऐकलं होतं.

"आत माझी सासू आहे," ती म्हणाली. "तिला उठता येत नाही. वर कोठ्यात गवत आहे. तुम्ही हे इथे पेटवलंत तर घर राहील का?"

"नाही राहणार."

"मग?"

ब्रुनोने स्फोटकांची पेटी उचलली. गोठ्यामागे गुरांचं मूत साठवायचा हौद होता, त्यात ती हळूच सोडली आणि बुडबुडे थांबेपर्यंत बघत राहिला. मग परत येऊन गाडीच्या पायरीवर बसला आणि खिशातला पावाचा तुकडा खायला लागला. दुपारी गावात घरोघरी पांढऱ्या चादरी लटकल्या, अमेरिकन आले आणि त्याला कैदी म्हणून घेऊन गेले.

एर्लेनरोटमध्ये यावर पुढे कितीतरी वर्षं वाद चालला. याने घर वाचवलं की गाडी वाचवली? लोहार फाइट डोत्सेल तर त्याला तोंडावर विचारायचा. ब्रुनो म्हणायचा, "पेटी जड होती, एवढंच आठवतंय."

शरद ऋतूत कैद्यांना सोडायला लागले. टेबलापाशी बसलेल्या कारकुनाने विचारलं, कुठे जाणार? ब्रुनोचं गाव आता पोलंडात गेलं होतं. आई-वडील वाटेत कुठे राहिले, का राहिलेच नाहीत, ठाऊक नव्हतं. कुठलं तरी नाव सांगायला हवं होतं. त्याच्या तोंडून एर्लेनरोट निघालं.

वरच्या गल्लीत शिरला तर गाडी तिथेच. अमेरिकनांनी आपला रस्ता मोकळा करायला तिला रणगाड्याने ढकलून ह्युमरांच्या भिंतीला नेऊन चिकटवलं होतं. तोफ ते घेऊन गेले होते, गाडी मात्र स्वयंपाकघराच्या खिडकीवर आडवी बसली होती.

कुनी बाहेर आली. तिने त्याला ओळखलं, पण ओळख दाखवली नाही.

"एप्रिलपासून मी भर दुपारी दिवा लावून स्वयंपाक करते आहे," ती म्हणाली. "रॉकेल कुठून आणायचं, सांगा. आलात ना? उचला हे."

"उचलतो," ब्रुनो म्हणाला.

"कधी?"

"पट्टा जोडायला लागेल. हत्यारं लागतील. वेळ जाईल."

"तोवर राहणार कुठे?"

त्याने गोठ्याकडे बघितलं. कुनीनेही बघितलं. "गुरांचं पाणी-वैरण करावं लागेल," ती म्हणाली, आणि आत गेली.

फाइटच्या भट्टीवर पट्ट्याच्या कड्या जोडायचे नवे खिळे झाले. फाइट डोत्सेल एका डोळ्याने अधू, तोंडाने दोन माणसांचा. "तुझी बायकोसुद्धा एवढे लाड करून घेत नसेल," तो म्हणायचा. ब्रुनोला बायको नव्हती, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पेट्रोल तर औषधालाही मिळत नव्हतं, म्हणून दोघांनी मिळून गाडीच्या पाठीवर एक उंच पत्र्याची भट्टी बसवली. बीच झाडाच्या ढलप्या तिच्यात कोंडून जाळायच्या आणि त्या धुराच्या वायूवर इंजिन चालवायचं. ताकद निम्म्याने कमी झाली, पण चालायला लागली.

नाताळच्या आधी एका सकाळी गाडी भिंतीपासून सुटली. घरघरत, खोकत, काळा धूर सोडत ती हातभर पुढे सरकली आणि मग गल्लीतून वर गेली. ब्रुनो उतरून मागे आला तेव्हा कुनी स्वयंपाकघरात मधोमध उभी होती. खिडकीतून बर्फाचा पांढरा उजेड आत पडला होता आणि भिंतीवर आठ महिन्यांची काजळी दिसत होती. दिव्याच्या उजेडात ती कधी दिसलीच नव्हती.

"अगं बाई," ती हळूच म्हणाली. मग बादली घेतली आणि भिंत घासायला लागली. ब्रुनोला कोणी काही म्हणालं नाही, तेव्हा त्याने दुसरं फडकं उचललं.

गाडी चालती झाली म्हटल्यावर गावाला तिची गरज आठवली. खालचा पूल पळून जाणाऱ्या आपल्याच सैनिकांनी उडवला होता, त्याला तुळया हव्या होत्या. घोडे लढाईत गेले होते, रानातले ओंडके ओढणार कोण? तालुक्याच्या अमेरिकन अधिकाऱ्याकडून परवाना आणायला फाइट गेला. त्याला इंग्रजी येत नव्हतं, त्या साहेबाला जर्मन येत नव्हतं. फाइटने कागदावर गाडी काढली, तिच्यामागे तोफ काढली, तोफेवर फुली मारली आणि तिथे एक झाड काढलं. साहेब हसला आणि सही दिली.

कुनीचा नवरा गेऑर्ग रशियात बेपत्ता होता. शेवटचं पत्र येऊन दोन वर्षं होत आली होती. कुनी त्याच्याबद्दल बोलायची तेव्हा तो शेजारच्या गावी गेल्यासारखं बोलायची. ब्रुनो गोठ्यातून माळ्यावरच्या खोलीत आला, सासूबाईंना उचलून उन्हात ठेवायला लागला, बटाटे काढायला लागला. ती त्याला "अहो लिपके" म्हणायची, तो तिला "ह्युमरबाई." गावात कुजबुज झाली नाही असं नाही. पण बोट ठेवायला कोणाला काही मिळालं नाही, कारण तसं काही नव्हतंच. की होतं आणि दोघांनी ते जागच्या जागी ठेवलं होतं, हे सांगायला आता कोणी नाही.

एकदा गावकीच्या वाटणीचं सरपण आणायला ती त्याच्याबरोबर रानात गेली. पहिल्यांदाच त्या गाडीत बसली. पुढच्या बाकावर, त्याच्या शेजारी. मागचे बाक, जिथे तोफेवरची माणसं ओळीने बसायची, तिथे आता करवती आणि दोर पडलेले होते.

"हिच्या मागे तोफ होती," ती म्हणाली. "ती कुणावर डागायचे?"

"मला नाही दिसायचं," ब्रुनो म्हणाला. "जागेवर नेऊन सोडायची आणि गाडी मागे आणायची. झाडीत, नाहीतर टेकडीआड. गाडीवर गोळा पडू नये म्हणून. मग तिथे बसून नुसता आवाज ऐकायचा. थांबला की पुन्हा जाऊन जोडायची."

"आणि पुढे जाताना? दिसत नव्हतं?"

ब्रुनोने गियर बदलला. मग म्हणाला, "दिसायचं. जळलेली गावं लागायची. धुराडी तेवढी उभी. मी म्हणायचो, आपल्याच तोफेचं असेल असं नाही. दुसऱ्याही तोफा होत्या."

"बाकीचे काय म्हणायचे?"

"बाकीच्या गाडीवाल्यांचंही तेच. सगळे तेच म्हणायचो."

सरपण भरलं, परत आले. त्या रात्री जेवताना तिने त्याच्या वाडग्यात सूप वाढलं, रोजच्याइतकंच. पण दोन-तीन दिवस ती त्याच्याशी कामापुरतंच बोलली, आणि ब्रुनोला ते रास्त वाटलं.

एकोणपन्नास साली हिवाळ्याच्या तोंडाला गेऑर्ग ह्युमर परत येत असल्याचं कार्ड आलं. रशियातल्या कैद्यांच्या छावणीतून सुटलेल्यांची आगगाडी, खालच्या दरीतलं स्टेशन, अमुक दिवस. कुनीने ते पुन्हा पुन्हा वाचलं आणि मग गोठ्यात ब्रुनोकडे आली.

"चालत यायची ताकद असेल नसेल," ती म्हणाली. "तुम्ही गाडी आणाल का?"

"आणतो की."

स्टेशनाच्या पायऱ्यांवर उतरलेला माणूस फोटोतल्या गेऑर्गसारखा दिसत नव्हता. तोंड उपासाने सुजलेलं, अंगात रशियन कापसाचा कोट, हातात लाकडी पेटी. कुनीने त्याचा हात धरला. गेऑर्ग चार पावलं चालून आला, आणि तेवढ्यात ब्रुनोने जवळ घ्यावी म्हणून गाडी हलवली. पट्टे फरशीवर खडखडले.

गेऑर्ग जागीच थांबला. त्याच्या हातातली पेटी खाली पडली.

"ते बंद करा," तो म्हणाला.

ब्रुनोने इंजिन बंद केलं.

"मी चालत येतो."

"अरे, सगळा चढ आहे," कुनी म्हणाली. "एवढ्या लांबून आलास."

"चालत येतो, कुनी."

ती दोघं चालायला लागली. ब्रुनो स्टेशनाच्या आवारात बसून राहिला. ती वळणाआड गेली, मग अजून बराच वेळ गेला, तरी त्याने इंजिन लावलं नाही. शेवटी स्टेशनमास्तर म्हणाला, "अहो, इथेच मुक्काम आहे का?" तेव्हा तो निघाला, आणि नेहमीचा रस्ता सोडून ओढ्याच्या काठाकाठाने, गिरणीवरून वळसा घेऊन गावात आला. त्याच दिवशी आपली वळकटी उचलून फाइटच्या माळ्यावर राहायला गेला.

"स्वतःचं अंथरूण स्वतः उचललंस," फाइट म्हणाला. "शहाणा आहेस. वेड्याचा शहाणा झालास तो याच गावात."

तेव्हापासून ब्रुनो वरच्या गल्लीतून गाडी नेईना. रानातून ओंडके आणायचे तर ह्युमरांच्या दारावरून सरळ उतार होता. तो मात्र ओढ्याच्या वाटेने जायचा. वळसा मोठा, चढ वाईट, आणि दर खेपेला पोतंभर ढलप्या जास्त जळायच्या. ज्याचे ओंडके तो वाहायचा, तो लाकूड वखारीचा मालक कुरकुरला.

"वरच्या गल्लीचा उतार गाडीला सोसत नाही," ब्रुनो म्हणाला.

"चार वर्षं सोसला की."

"आता नाही सोसत."

हे खोटं आहे हे सगळ्या गावाला माहीत होतं. कोणी बोललं नाही. गेऑर्गशी त्याचं बोलणं नमस्कारापलीकडे जात नव्हतं. चर्चमधून बाहेर पडताना दोघं टोपी उचलायचे, बस्स. कुनी कधीमधी फाइटच्या घरी अंडी पाठवायची. फाइटच्याच वरच्या खोलीत मार्टा नावाची एक विधवा राहत होती, लढाईनंतर चेक लोकांनी बोहेमियातून हाकलून लावलेल्या जर्मनांपैकी. ती त्या अंड्यांचं जे काही करायची, ते तिघं मिळून खायचे.

दोन वर्षं अशी गेली. मग एका शरदात पाऊस लागला तो हटेना. गेऑर्ग गुरांच्या खाण्याचे बीट भरून खोलगट वाटेने घरी येत होता. गाडीला दोन गायी जुंपलेल्या. चाकं आसापर्यंत चिखलात गेली, आणि डावीकडची गाय घसरून गुडघ्यांवर बसली ती उठेना. जू तिच्या मानेला आवळत होतं.

ब्रुनो ओढ्याच्या वाटेने वर येत होता. त्याला हे दिसलं, आणि त्याने दुरूनच इंजिन बंद केलं. दोर खांद्यावर टाकून चिखलातून खाली उतरला. दोघांनी मिळून आधी गायीचं जू सोडवलं आणि तिला उठवलं. गाडी मात्र हलेना.

"माझ्या गाडीच्या मागे चरखी आहे," ब्रुनो म्हणाला. "तिथूनच दोराने ओढता येईल, जवळ आणायला नको. पण इंजिन लावावं लागेल. आवाज होईल."

"माहीत आहे मला," गेऑर्ग म्हणाला. त्याने स्वतः दोराचा आकडा आसात अडकवला, मग गायींच्या डोक्यांमधे जाऊन उभा राहिला आणि दोघींच्या मानांवर हात टाकले. "चालव."

इंजिन लागलं. दोर ताणला गेला, चिखलाने मोठा घोट गिळल्यासारखा आवाज केला आणि गाडी बीटांसकट वर आली. ब्रुनो इंजिन बंद करून परत आला तेव्हा गेऑर्ग अजून तसाच उभा होता, तोंड गायीच्या मानेत खुपसून. मग तो बाजूला झाला आणि गाडीच्या आडोशाला बसला. ब्रुनोही जरा अंतर ठेवून बसला.

"तू ओढ्याच्या वाटेने का जातोस ते मला पहिल्यापासून ठाऊक आहे," गेऑर्ग म्हणाला. "कुनीने सांगितलं नाही. मला कळतं." त्याने चिखलाचे हात पँटला पुसले. "आम्ही पुढच्या खंदकात असायचो. मागे टेकडीआड आपल्या तोफा. त्या मागे आहेत म्हटलं की डोळा लागायचा. एका पहाटे मागून हा आवाज आला. आधी एक इंजिन, मग दुसरं, मग पट्टे. आम्ही सगळे जागे झालो. सगळ्यांना कळलं होतं. तोफा चालल्या. म्हणजे आम्हाला ठेवून चालले."

पाऊस पडत होता. ब्रुनोने विचारलं, "कुठे? कुठल्या गावाजवळ?"

"ते कशाला विचारतोस? तू नव्हतास तिथे. असलास तरी आता काय."

ब्रुनो चिखलाकडे बघत राहिला. रशियातल्या त्या पहाटा त्याला आठवत होत्या. रात्रभर इंजिनाखाली निखारे ठेवून जागायचं, तेल गोठू द्यायचं नाही, चाकांमधलं बर्फ फोडायचं. तोफा मागे घ्या असा हुकूम आला की एकच धास्ती असायची, गाडी चालू झाली नाही तर? टेकडीच्या पलीकडे कोणी जागं होत असेल, हे त्याच्या मनात कधी आलं नव्हतं. एकदाही नाही. समोरची जळलेली गावं त्याने निदान बघितली होती. मागे राहिलेली आपली माणसं बघायला तो कधी वळलाच नव्हता.

"इंजिन पहिल्या झटक्याला लागलं की मला आनंद व्हायचा," तो म्हणाला. "खरंच सांगतो. वाटायचं, लागलं बाबा एकदाचं."

गेऑर्गने त्याच्याकडे बघितलं. "नसतं लागलं तर तूही आमच्याबरोबर छावणीतच आला असतास," तो म्हणाला.

"हो."

"मग लागलं ते बरंच. आम्हालाच पुरेसं खायला नव्हतं." असं म्हणून गेऑर्ग उठला आणि गायी जुंपायला लागला. ब्रुनोने मागून गाडीला खांदा लावला.

दुसऱ्या दिवशी गेऑर्ग लोहारशाळेत आला. नाल ठोकायचं काही निमित्त होतं. जाता जाता ब्रुनोला म्हणाला, "उद्यापासून वरून जात जा. तुझ्या पट्ट्यांनी ओढ्याची वाट नासवून टाकलीय, गायींना पाय ठेवायला जागा नाही."

ब्रुनो वरून जायला लागला. सगळं बरं झालं असं मात्र नव्हे. गाडी गल्लीत शिरली की गेऑर्ग कधी लाकडं फोडत राहायचा, कधी कुऱ्हाड तशीच ओंडक्यात रुतवून आत जायचा. ब्रुनो त्यावरून त्याचा तो दिवस कसा आहे हे ओळखायचा आणि आत गेलेला दिसला तर गाडी एकदम हळू काढायचा, झोपलेल्या बाळाच्या खोलीवरून चालावं तशी. हिवाळ्याच्या संध्याकाळी मात्र ते फाइटच्या घरी पत्ते खेळायला लागले. गेऑर्ग पत्त्यांत लबाडी करायचा आणि ब्रुनो ती दिसली तरी बोलायचा नाही, त्यामुळे फाइट दोघांवरही वैतागायचा.

पुढे आतल्या चाकांची बेअरिंगं गेली. तसली बेअरिंगं आता कोणी बनवत नव्हतं. वखारीने नवा ट्रॅक्टर घेतला, आणि ओढगाडी भंगाराच्या भावाने गेली. भंगारवाल्याने तिचे तुकडे गावाबाहेरच केले. ब्रुनो बघायला गेला नाही. "वाईट वाटतंय का?" फाइटने विचारलं. ब्रुनो म्हणाला, "काय वाटतंय ते सांगता येत नाही. हात रिकामे वाटतात." मग त्याला गावकीने आपल्या ट्रॅक्टरवर ठेवलं. हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ लोटायचा, उन्हाळ्यात खडी वाहायची.

त्याच वर्षी त्याने मार्टाशी लग्न केलं. दोघंही चाळिशी ओलांडलेले. मार्टाने आधी एकच अट घातली होती, झोपताना त्याच्या कपड्यांना धुराचा वास येता कामा नये. नोंदणी कचेरीत साक्षीदार म्हणून गेऑर्ग उभा राहिला. तिथल्या माणसाने रिवाजाप्रमाणे विचारलं, "वराशी तुमचं नातं काय?"

गेऑर्गने बराच विचार केला. "शेजारी," तो म्हणाला. "लिहा, शेजारी."

जेवण ह्युमरांच्या घरी होतं. कुनीने बटाट्याचे गोळे उकडले होते, आणि मार्टाने हट्टाने तिच्या गावाकडचे पिठाचे. भाजलेल्या डुकराच्या मांसाबरोबर कोणते चांगले लागतात यावर दोघींची जुंपली. कुनी म्हणाली, पिठाचे घशात बसतात. मार्टा म्हणाली, बटाट्याचे रश्श्यात विरघळून जातात, चमच्याला सापडत नाहीत.

"अहो लिपके, तुम्ही सांगा," कुनी म्हणाली.

ब्रुनोने दोन्ही ताटल्या आपल्याकडे ओढल्या आणि आळीपाळीने खायला लागला. गेऑर्ग म्हणाला, "त्याला विचारू नका. तो खाऊन होईपर्यंत काही बोलायचा नाही." आणि त्याने वाढून घ्यायला आपली ताटली पुढे केली.